उंबऱ्याबाहेरची खोली

मुलीने बंगळूरहून फोटो पाठवला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होते. ओटा म्हणजे स्वयंपाकघरातला. घरात आता तेवढाच एक उरला होता. फोटोत एक खोली होती आणि तिला समोरची भिंतच नव्हती. सोफा बागेकडे तोंड करून निवांत बसलेला, वर पारदर्शक छत, कोपऱ्यात पितळी घंगाळ आणि त्यात पाण्यावर तरंगणारी फुलं. ज्या घंगाळातून आम्ही अख्ख्या घराच्या आंघोळी उरकल्या, त्याला उतारवयात इतकं हलकं काम मिळालेलं पाहून मला बरं वाटलं. खाली मुलीने लिहिलं होतं, ‘आई, आउटडोअर लिव्हिंग रूम! आपल्याकडे सहज होईल. पुढची भिंत काढायची फक्त.’ त्या ‘फक्त’पाशी मी जरा थांबले. मराठीचं व्याकरण शिकवण्यात माझी ३२ वर्षं गेली. ज्याच्या रूपाचा व्यय होत नाही ते अव्यय, हे मी किती पिढ्यांकडून घोकून घेतलं असेल. पण एका अव्ययापायी घरातल्या माणसांचा किती व्यय होऊ शकतो, हे कुठल्याच व्याकरणात लिहिलेलं नाही.

फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला (त्यांना चष्म्याशिवायच नीट दिसतं, चष्मा मान राखण्यापुरता असतो) आणि म्हणाल्या, ‘‘हे तर ढाळज हाय की! गाद्या तेवढ्या जास्तीच्या टाकल्यात.’’

आमचं घर छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतलं, रांगेतलं. १९८४ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा शहरातली माणसं ‘एवढ्या लांब?’ असं विचारायची, आणि गुलमंडीवरून निघालेला रिक्षावाला भाडं सांगण्याआधी एक सुस्कारा सोडायचा. घराच्या पुढे १० फूट बाय ७ फुटांचा ओटा होता, शहाबादी फरशीचा. घरात दोन खोल्या होत्या, पण आम्ही राहायचो ओट्यावर. सकाळी पेपर तिथे यायचा आणि तीन घरं फिरून, सुरकुत्या पडून, पुन्हा तिथेच यायचा. भाजीवाली पाटी टेकवायची ती ओट्याच्या कडेला. भाजी घ्यायची असो वा नसो, पाटी टेकवण्याचा तिचा हक्क होता. ज्वारी निवडणं, शेंगा फोडणं, शेजारच्या पोराचे पाढे ऐकणं, हरवलेल्या किल्ल्यांची वाट पाहणं ही सगळी कामं ओट्याची. उन्हाळ्यात संध्याकाळी फरशीवर पाणी मारलं की तिच्यातून एक वाफ निघायची, जणू दिवसभर गिळून ठेवलेला राग ती एका श्वासात सोडून द्यायची.

मग १९९१ मध्ये ओट्याला ग्रिल बसली, कारण शेजारी बसली होती. १९९८ मध्ये ग्रिल काढून विटांची भिंत आली, कारण सोफा घेतला होता आणि त्याला पाठ टेकायला भिंत हवी होती. सोफ्याला स्वतःची पाठ असते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. ओटा आत गेला आणि त्याचा हॉल झाला. सात माणसं आली की आठव्याला दारात उभं राहावं लागतं, अशा जागेला आपल्याकडे हॉल म्हणायची पद्धत आहे. पुढे कंपाउंडची भिंत दोन विटांनी उंच झाली, फाटकाला आतून पत्रा ठोकला गेला, आणि एक दिवस असा आला की रस्त्यावरून जाणारं माणूस कोण, हे आम्हाला त्याच्या खोकल्यावरून ओळखावं लागू लागलं.

नावं बदलण्याचं आम्हाला वावडं नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी नावाच्या ठिकाणी हे शहर वसवायला घेतलं. मग ते फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. माझ्या कपाटात एकाच घराच्या पत्त्याचे कागद आहेत आणि ते एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. तेव्हा ओट्याचा व्हरांडा, व्हरांड्याचा हॉल आणि आता हॉलचं आउटडोअर लिव्हिंग झालं, तर त्यात नवल ते काय? जागा तीच, ७० चौरस फूट. तिच्यावर ऊनही तेच पडणार होतं.

मिस्त्री आले ते सोबत एक हातोडी आणि एक शांतता घेऊन. फाटकातून आत आल्यावर ते भिंतीसमोर उभे राहिले, हातोडीच्या मागच्या बाजूने तिला दोन ठिकाणी टकटक केली, डॉक्टर पाठीवर करतात तशी, आणि मान न वळवता म्हणाले, ‘‘बाई, ये दिवाल तो अपनीच है.’’ मला वाटलं, आपलेपणाने बोलतायत. पण ते खरंच बोलत होते. १९९८ मध्ये ही भिंत त्यांनीच बांधली होती, वयाच्या विशीत, एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली. ‘‘बहोत मजबूत बनाया था,’’ ते म्हणाले, आणि जरा वेळाने, खंत आणि अभिमान यांचं प्रमाण न बिघडवता, ‘‘तोडने को तकलीफ देगी.’’ आमच्या ह्यांनी वही काढली. ह्यांच्या वह्यांत या घराचा समग्र इतिहास आहे. १९९८च्या वहीत नोंद होती: ‘पुढची भिंत, खिडकीसह, मजुरी धरून रु. ९,४००.’ आता ती काढून तिच्या जागी काहीच न ठेवण्याचा अंदाज निघाला दोन लाख दहा हजार. ‘काहीच नाही’ ही वस्तू मध्यंतरी फार महाग झालेली दिसते.

अंदाजपत्रकाचं पुढे जे होतं तेच झालं. छताचं पॉलिकार्बोनेट त्यात धरलं होतं, पण त्याखालचे लोखंडी पाइप धरले नव्हते. फरशी धरली होती, पण ती घरापर्यंत आपल्या पायांनी चालत येईल असं गृहीत होतं. ह्यांची झोप उडाली तेव्हा मी त्यांना बीबी का मकबऱ्याची गोष्ट सांगितली. १६५१ ते १६६१ या काळात तो उभा राहिला, असं मानतात. त्याला सात लाख रुपये मंजूर झाले होते म्हणे, आणि ‘तारीखनामा’ लिहिणाऱ्या गुलाम मुस्तफाने खर्च नोंदवलाय ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. म्हणजे आपल्या गावात निदान एक तरी बांधकाम अंदाजपत्रकाच्या आत पुरं झालेलं आहे, आणि त्या घटनेला साडेतीनशे वर्षं उलटून गेली आहेत. लोक त्या वास्तूकडे पाहून ताजमहाल आठवतात आणि नाक मुरडतात. मला मात्र ते ७ आणे आठवतात. संगमरवराच्या, चुन्याच्या आणि शोकाच्या त्या अफाट हिशेबाच्या टोकाशी कुणी तरी कारकून समईच्या उजेडात बसला असेल, आणि साडेसहा लाखांपुढे त्याने सात आणे इमानाने मांडले असतील. आमचे हे त्याच्याच घराण्यातले असावेत. मध्यरात्री उठून त्यांनी वहीत लिहिलं, ‘खिळे, ₹ ४५.’

सासूबाईंचं ढाळज मी पाहिलंय, लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा. पैठणकडचा तो वाडा काही मोठा नव्हता. वर मातीचं माळवद, खाली जाड भिंती, आणि दिंडी दरवाजातून आत शिरलं की दोन्ही अंगांना कमरेइतक्या उंचीचे दोन ओटे. त्या दोन ओट्यांमधल्या सावलीला ढाळज म्हणत. ते घरात होतं की घराबाहेर, हे सांगता यायचं नाही. कुणी तिथे येऊन बसलं तर तो पाहुणा नसायचा, त्याला चहा विचारायची सक्ती नव्हती आणि त्याने काय काम काढलं हे विचारणं तर अपमानच. वाटसरू येऊन टेकायचा, घोंगडीवर आडवा व्हायचा, ऊन उतरलं की निघून जायचा. कधी कधी तो कोण होता यावर रात्री जेवताना चर्चा व्हायची. मी नवी नवरी, आतल्या दाराच्या फटीतून पाहायचे. एक म्हातारबाबा रोज दुपारी यायचे, दोन तास बसायचे, एक शब्द न बोलता जायचे. मी सासूबाईंना विचारलं, हे आपले कोण? त्या म्हणाल्या, ‘‘कोण नाही. बसतेत.’’ नातं सांगणारं इतकं नेमकं क्रियापद मला पुढच्या ३२ वर्षांत कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

पुढे शाळेच्या सहलींना मी वर्षानुवर्षं अजिंठ्याला गेले. मुलं आत चित्रांकडे धावायची, गाइड पद्मपाणीवर बॅटरी धरायचा, आणि मी एक नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात खांबाला टेकायचे. आतला अंधार बुद्धाचा होता. पण खांबांमधून घळीकडे उघडणारा तो व्हरांडा कुणाचा, असं मनात यायचं. संसार सोडून आलेल्या भिक्खूंसाठीही ज्यांनी दगड फोडला त्यांनी त्यांना आधी ओसरी दिली आणि मग खोली. पावसाळ्याचे महिने एका जागी काढायचे तर माणसाला निर्वाणाइतकीच, समोर पडणारा पाऊस पाहत बसायला जागा लागते, हे त्यांना ठाऊक असणार.

भिंत पडायला चार दिवस लागले. तिने शब्द दिल्याप्रमाणे तकलीफ दिली. मिस्त्री तिची एक एक वीट सुटी करत, करणीच्या पात्याने जुनं सिमेंट खरवडत आणि साबूत विटा लिंबाच्या झाडाखाली रचून ठेवत. त्यांच्या पोराला ते म्हणाले, पहिल्या पगाराच्या विटा आहेत, फेकायच्या नाहीत. फाटक काढून ठेवावं लागलं, कारण वाळूचा ट्रॅक्टर आत येईना. मग वाळू फाटकाच्या जागीच ओतली गेली, अर्धी आमच्या अंगणात, अर्धी रस्त्यावर. आणि तिथून तीन आठवडे जे काही घडलं, ते मुलीच्या फोटोत कुठेच नव्हतं.

वाळू पडल्याच्या संध्याकाळी गल्लीतली पोरं आली आणि त्यांनी तिच्यात देवगिरी किल्ला बांधला. खंदक खरा होता, अंधारीचा बोगदा कोसळला. पोरांना बोलवायला त्यांच्या आया आल्या आणि विटांच्या ढिगावर टेकल्या. त्यांना बोलवायला त्यांचे नवरे आले आणि बांधकामाविषयी सल्ले देऊ लागले. चालू बांधकामासमोरून सल्ला न देता जाईल असा माणूस मराठवाड्यात जन्माला यायचा आहे. कुणी म्हणालं छताला उतार कमी पडतोय, कुणी म्हणालं पूर्वेला मोकळं ठेवा, एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी लेव्हल पाइप हातात घेऊन फुंकर मारली आणि पाणी स्वतःच्या सदऱ्यावर सांडून घेतलं. वीस वर्षं समोर राहणाऱ्या काकूंचा आवाज मी ओळखत होते. त्यांच्या हनुवटीवर तीळ आहे हे मला त्या विटांवर बसल्यावर दिसलं. मिस्त्रींनी दुपारी डबा खायला म्हणून दोन विटांच्या चळतींवर जुन्या ओट्याची एक शहाबादी फरशी आडवी टाकली होती, लिंबाच्या सावलीत, कंपाउंडच्या बाहेर. ते उठले की सासूबाई तिथे जाऊन बसत. ‘‘काय चाललंय, आजी?’’ येणारा जाणारा विचारायचा. ‘‘काम चालू हाय,’’ त्या म्हणायच्या, आपणच ठेका घेतल्यासारख्या.

फरशी बसली त्या दिवशी आम्ही बादलीभर पाणी ओतून उतार तपासला. पाणी क्षणभर विचारात पडलं, नाल्याकडे पाहिलं, आणि मग सावकाश, माहेरवाशिणीसारखं, उंबऱ्याकडे चालत आलं. मिस्त्री बराच वेळ पाहत राहिले आणि पुटपुटले, ‘‘ये कैसे हुआ?’’ मला हसू आलं, पण ते उपहासाचं नव्हतं. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, कळसापासून पायापर्यंत वरून खाली कोरत आणलेलं. बडोद्याला सापडलेल्या ताम्रपटात असं म्हटलंय की ते पुरं झाल्यावर घडवणारा शिल्पीच चकित झाला. हे आपल्या हातून कसं झालं, हेच त्याला उमजेना. वेरूळ आमच्यापासून ३० किलोमीटरवर आहे. परंपरा म्हणतात ती हीच असावी. फरशी पुन्हा उखडली, पुन्हा बसली, ह्यांनी वहीचं पान उलटलं.

आणि खोली झाली. फोटोत होती तशीच, थोडी अरुंद. सागवानी सोफा, पावसाला न भिणाऱ्या उशा, घंगाळ, त्यात झेंडू. रस्त्यावरून सगळे कौतुकाने पाहत. मात्र आता फाटकाबाहेर थांबून पाहत. कुणी आत आलंच तर पायऱ्यांशी चपला काढून, सोफ्याच्या अगदी टोकावर, परीक्षेला बसल्यासारखं बसे. मग मार्च संपला. पॉलिकार्बोनेटच्या छताने ऊन अडवलं नाही, उलट त्याला आत घेऊन दार लावून घेतलं. दुपारी बारा ते सहा त्या खोलीत फक्त ऊन राहायचं. सहा ते सात धूळ यायची. सातनंतर डास, आणि तेही सहकुटुंब. पाहुणे आले की आम्ही त्यांना खोली दाखवायचो आणि म्हणायचो, ‘‘चला, आत बसू या.’’ मी मुलीला पाणचक्कीचं उदाहरण दिलं. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली गारवा. असं छत हवं होतं. मुलगी म्हणाली, ‘‘मग करा ना, वर एक टँक.’’ तिला इथून जाऊन बारा वर्षं झाली आहेत. टाकी असण्याचा आणि टाकीत पाणी असण्याचा संबंध ती विसरली असणार. त्या खोलीचा पहिला खरा उपयोग सासूबाईंनीच शोधला. एका सकाळी पाहते तर सागवानी सोफ्यावर धोतर अंथरलेलं आणि त्यावर कुरडया. दोन दिवसांत अशा खडखडीत वाळल्या की शेवटी झालेल्या साडेतीन लाखांतले निदान काही रुपये वसूल झाले असं ह्यांनाही वाटलं.

लिंबाखालचा तो बाक मात्र मोडायचा राहून गेला. काम संपल्यावर मिस्त्री आवराआवर करत होते. त्या चळतींपाशी आले, फरशी हलवून पाहिली, आणि उचलण्याऐवजी खाली सिमेंटचा एक गोळा लावून पक्की केली. ‘‘आजी बैठते ना,’’ म्हणाले. त्याचे पैसे वहीत नाहीत.

नाथसागर पैठणला, आमच्यापासून जेमतेम ५० किलोमीटर. पण तिथलं पाणी आमच्या नळापर्यंत पोचायला कधी कधी आठ-आठ दिवस घेतं आणि आलं तर रात्रीचं येतं, लपत छपत. मेच्या एका रात्री दीड वाजता गल्लीतल्या आम्ही बायका त्या बाकाभोवती जमलो होतो. पाइपात आधी एक उसासा ऐकू येतो, तो ऐकायला बाहेरच बसावं लागतं. समोरच्या काकूंनी थर्मासमधून चहा आणला होता. उन्हाळ्यातल्या आमच्या रात्री फार चांगल्या असतात. डोंगरांकडून वारा उतरतो आणि दिवसाची माफी मागत फिरतो. सासूबाई फरशीच्या मधोमध बसल्या होत्या, ज्या विटांनी आमचा ओटा २७ वर्षं झाकून ठेवला त्याच विटांवर. कुणी पोरींच्या स्थळांचं बोलत होतं, कुणी काहीच बोलत नव्हतं. बसलं होतं.

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती ऑफिसचं काम संपवत जागीच होती. ‘‘इतक्या रात्री बाहेर? आउटडोअर रूममध्ये बसलात ना सगळे?’’ मी फोन फिरवला. मागे आमची खोली दिसली असेल, अंधारात, धुळीसाठी प्लास्टिक पांघरून झोपलेली. मी म्हटलं, ‘‘हो. सगळे तिथेच आहोत.’’

नळाने उसासा टाकला आणि निरोप न घेता सगळ्या उठल्या, मोटारी घरघरू लागल्या. टाकी भरून तासाभराने मी सासूबाईंना आत न्यायला आले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्या बाकावरच होत्या. पण आता मधोमध नव्हत्या. एका टोकाला सरकून बसल्या होत्या, शेजारी दोन माणसं मावतील एवढी जागा मोकळी ठेवून.